आडजात

झाडाच्या बुंध्यावर उजव्या हाताचा पंजा सपकन मारायचा आणि ओरडायचं, "ऐन, हाय!" की लगेच पुढचं झाड. पुन्हा पंजा. "किंजळ, हाय!" पुन्हा पुढे. "काकड, हाय! बोंडारा, हाय! बोंडाऱ्याचा भाऊस, हाय!" म्हणजे शेजारी आणखी एक बोंडारा. शाळेत मास्तर नाव पुकारतात आणि पोरगं हजर म्हणतं. इथे नाव पुकारणाराही तोच आणि झाडाच्या वतीने हजर म्हणणाराही तोच. मी मागून वही छातीशी धरून धापा टाकत चढत असायचो.

तो आमच्या वनखात्यात रोजंदारीवरचा मजूर होता. हजेरीपटावर त्याला नाव होतं, पण ऑफिसात सगळे मामाच म्हणायचे. तुमच्याही ऑफिसात असा एक मामा असेल, बघा आठवून. ज्याला सगळं ठाऊक असतं आणि ज्याला कोणी काही विचारत नाही. नव्वदीच्या सुरुवातीला मी फॉरेस्ट गार्ड म्हणून डोळखांबच्या बाजूला लागलो, तेव्हा मी चोवीसचा आणि मामा पंचेचाळिसाच्या आसपास. माझ्या बापाच्या वयाचा. पण सरकारी खात्यात वय बोलत नाही, हुद्दा बोलतो. मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला गारडसायेब म्हणून अहो-जाहो करायचा. त्यात काही वावगं आहे असं दोघांनाही वाटत नव्हतं.

मी मुरबाडकडचा, म्हशाजवळचा. घरी भातशेती. झाड म्हणजे शेतात जाळायला पाला आणि चुलीला लाकूड, एवढीच माझी ओळख. ट्रेनिंगमध्ये झाडांची लॅटिन नावं घोकून घेतलेली, ती इथे जंगलात आल्यावर एकाही झाडाला लागू पडेनात. मामाला लॅटिन येत नव्हतं, त्यामुळे त्याचं काही अडत नव्हतं.

झाडांच्या पहिल्याच गणतीला एका जाड बुंध्यापाशी तो थांबला. इथे पंजा मारला नाही, अलगद टेकवला. आवाजही खाली आणला.

"आय, हाय."

मला वाटलं काटा रुतला. "लागलं का रे?"

"कुठं काय?"

"मग आय-हाय काय करतोस?"

"आय हाय ना ही."

मी वर बघितलं. पानं ओळखीची होती. "अरे, मोह आहे हा!"

"तुमी बोला. तुमचा चालतंय."

"आणि तू का नाही बोलणार?"

तेव्हा तो माझ्याकडे असा बघायला लागला की याला घरी कोणी काही शिकवलं की नाही. "सायेब, आयला नावानं हाक मारतं का कोन?"

तर ही त्यांच्या पाड्याची रीत. मामा ठाकर, पण सगळ्या ठाकरवाड्यांत ती आहे असं समजू नका. दोन डोंगर पलीकडचे त्याचेच सोयरे याला हसायचे. पण त्याच्या पाड्यात मोहाला कोणी मोह म्हणत नसे. आय पडाया लागली म्हणजे मोहाची फुलं गळायला लागली. आयखाली गेली म्हणजे बायको फुलं वेचायला गेली. माझं काय जात होतं? तो "आय, हाय" म्हणायचा, मी वहीत "मोह" लिहायचो. आमचं छान जमलं होतं.

वहीची गंमत सांगायलाच हवी. सागाचं झाड वेगळं लिहायचं. तोडायला परवानगी लागते अशी ऐन, मोह, हिरडा, जांभूळ वगैरे झाडं नावानिशी लिहायची. आणि उरलेलं सगळं जंगल एका रकान्यात, त्याचं नाव आडजात. काकड, बोंडारा, कुडा, भोकर, सावर, सगळे आडजात. एकदा दुपारी भाकरी खाताना मामाने विचारलं, "सायेब, आडजात म्हंजे काय हो?"

"म्हणजे... साग नाही, यादीतलं नाही, ते. किरकोळ."

मामाने घास खाली ठेवला आणि हसायला लागला. असा हसला की ठसका लागला, मला पाणी द्यावं लागलं. "म्हंजे आमीच की!"

त्या दिवसापासून त्याने सगळ्या जगाची गणती सुरू केली. ऑफिसात नवा माणूस आला की माझ्या कानाशी, "साग का आडजात?" ठाण्याहून मोठे साहेब येणार असले की, "आज साग येनार हाय, झाडून घ्या." मी एकदा विचारलं, "आणि मी रे कोण?" तो जरा विचार करून म्हणाला, "तुमी ऐन. कामाचा लाकूड. पन वालताना तडा जातो." मी हसलो. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

सागावर त्याचा खास राग. खात्याने एक जुनं जंगल साफ करून तिथे नुसता साग लावला होता. तिथून जाताना तो थुंकायचाच. "गुरा तोंड लावत नाय, पाखरू बसत नाय, खाली कंद नाय का भाजी नाय. सरकारी झाड. सरकार खात असंल याचा पाला." आणि मग डोंगरावरच्या मिसळ जंगलाकडे बोट करून तो यादी सुरू करायचा: याची साल तापावर, याचं फूल भाजीला, याचा डिंक, याची पानं पत्रावळीला, याच्या ढोलीत मध. मी म्हणायचो, "बास कर, मामा. हे लिहायला वहीत जागा नाही." तो म्हणायचा, "मंग वहीच लहान हाय."

त्याचा पाडा पंधरा-सोळा घरांचा. पाड्याच्या डोक्यावर एक टेकडी. टेकडीच्या कुशीत झरा आणि झऱ्याभोवती सात मोह, इतके जुने की दोन माणसांची कव पुरायची नाही. टेकडी कागदोपत्री मुंबईच्या कोणा शेठची होती. शेठ तिथे कधी आलेला नव्हता आणि मोहांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

एका चैत्रात मी मामाला तिथे गुन्हा करताना पकडला. मोहाखालचा वाळका पाला गोळा करून पेटवत होता. जंगलात आग लावणं म्हणजे केस. मी दरडावलं, "मामा, खात्याचा माणूस तू, तूच जाळतोस?"

"पाला असला तर फुला गावत नाय, सायेब. तुमीच येचून दावा."

मी वेचून दाखवायला बसलो. अर्ध्या तासात माझी मूठ भरली नाही. मामीने, म्हणजे त्याच्या बायकोने, तोवर साफ केलेल्या जागेतून टोपली भरली आणि पदराआड हसली. मग मी केस विसरलो आणि आग पसरू नये म्हणून फांदी घेऊन त्याच्याबरोबर उभा राहिलो. मामीने उकडलेली फुलं दिली. गोड, जराशी उग्र. ती मी बचकभर खाल्ली आणि वर त्याच फुलांचं जे दुसरं काही करतात तेही घेतलं. उतरताना तीनदा पडलो. मामा प्रत्येक वेळी हात देऊन म्हणायचा, "ऐन, हाय!"

पण त्याच दिवशी, मी शुद्धीत असताना, त्याने एक गोष्ट सांगितली होती. म्हणाला, "आषाढात नाचणी सरते. भात अजून शेतात हिरवा. तवा दोन महिने हीच आय जेवाया घालते, वालल्या फुलांवर. आनि ह्यो झरा हाय ना, ह्यो हीनंच धरून ठेवला हाय. ही हाय म्हनून पाड्यात मानूस हाय." पाड्यातली माणसं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जायची, पण मोह पडायला लागला की निम्मी तरी परत यायची. मामा स्वतः कधी गेला नाही. त्याला सोडून जायचं नव्हतं, एवढंच त्याचं म्हणणं होतं आयुष्यात.

मग टेकडी विकली गेली. तेव्हा शहापूर-मुरबाडकडे मुंबईची माणसं बंगल्यांसाठी जागा घ्यायला लागली होती. नव्या मालकाला प्लॉट पाडायचे होते, म्हणून झाडं तोडायचा अर्ज आला. झाडांची नोंद करायला माझे वरचे साहेब, मी आणि मामा असे गेलो. फाल्गुनातली दुपार. पान हलत नव्हतं, हे मुद्दाम लक्षात ठेवा.

मामा गोलाई मोजायची फीत खांद्यावर टाकून वर चढला. साहेब आणि मी खाली सावलीत बसलो. साहेब म्हणाले, "यादीतली मोठी झाडं निघाली की फाइल वर जाते. मग चौकशा, पुन्हा पाहण्या, वर्ष जातं. मालक माणूस बरा आहे. तुझं शहापूरच्या बदलीचं काय झालं रे?" एवढंच म्हणाले. एका दमात म्हणाले. माझ्या बायकोचे दिवस भरत आले होते, पहिली खेप, आणि आम्ही राहायचो तिथून दवाखाना दोन तासांवर. बदलीसाठी मी सहा महिने साहेबांच्या मागे होतो.

वरून मामाचा आवाज आला. "काकड, हाय! कुडा, हाय!" मी लिहीत होतो. मग थोडा वेळ काही नाही. मग हळू, पण स्वच्छ:

"आय, हाय."

साहेबांनी विचारलं, "काय म्हणतोय तो?"

मला ऐकू आलं होतं. अर्थही कळला होता. त्या साऱ्या तालुक्यात तो कळणारा खात्याचा माणूस मी एकटाच होतो.

"आडजात म्हणतोय," मी म्हणालो.

सात वेळा त्याने "आय, हाय" म्हटलं आणि सात वेळा मी आडजात लिहिलं. अक्षर चांगलं आलं. साहेबांनी सही केली, मी सही केली, आणि आम्ही मालकाच्या जीपने परत आलो. मामा चालत आला.

तोडायला चार दिवस लागले. सहा मोह पाडले. सातवा मालकाला पुढे बंगल्याच्या सावलीला हवा होता म्हणून ठेवला. लाकूड वाहून न्यायचे पास लिहायला मी तिथेच होतो. मामा त्या चार दिवसांत कामावर आला नाही. पाचव्या दिवशी आला, नेहमीसारखा ऑफिसचा ओटा झाडला, आणि मग माझ्या टेबलापाशी उभा राहिला.

"सायेब, कागदावर मोह नवताच म्हनं."

त्याच्या तोंडून मोह हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"नव्हता," मी म्हणालो.

"मी तर सात येला बोललो."

"वारा होता, मामा. नीट ऐकू नाही आलं."

त्याने आपला पंजा उलटून बघितला. मला वाटलं आता हा शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. मी तयारही होतो.

"माजीच चूक जाली," तो म्हणाला. "सरकारी कामात आय काय म्हनायचा? नाव घ्याया पायजे होता." आणि तो माठात पाणी भरायला निघून गेला.

मी त्याला हाक मारली नाही. मला काय वाटलं असं विचाराल तर खरं सांगतो, काही वाटलं नाही. दात उपटायच्या आधी डॉक्टर सुई देतो, मग आपण जिभेने चाचपतो तर गाल कुणा दुसऱ्याचाच वाटतो, तसं. सुईचा असर दोन तासांत उतरतो. माझा उतरला नाही.

त्यानंतरच्या गणतीत मामाची तऱ्हा बदलली. मोह आला की तो पंजा टेकवायचा नाही, जोराने मारायचा आणि गळा फाडून ओरडायचा, "मोह! मोह हाय! सायेब, मोह लिवा!" तिथेच थांबायचा नाही. फीत टाकून खाली यायचा, माझ्या वहीत डोकं घालायचा. त्याला वाचता येत नव्हतं. ओळीवर बोट ठेवून विचारायचा, "ह्यो मोह ना?"

"हो."

"नक्की?"

"नक्की, मामा."

बाकीचे मजूर हसायचे, "मामा येडा जाला." मीही त्यांच्याबरोबर थोडा हसायचो. न हसलो असतो तर दिसलं असतं.

पावसाळ्याआधी माझी शहापूरला बदली झाली. मुलगी झाली होती, सगळं सुखरूप. निघताना मामाने करवंदांचा द्रोण आणून दिला. पुढे डोळखांबकडचा कोणी भेटला की कानावर यायचं: झरा होळीलाच आटतो आता, बायका खालच्या विहिरीवर जातात, चढ चढून हंडे आणतात, वीटभट्टीवर गेलेली घरं चैत्रात परत येत नाहीत, येऊन करणार काय? खात्याने रोजंदारीची माणसं कमी केली, त्यात मामाही गेला. मी ऐकून घ्यायचो, हूं म्हणायचो. चहा प्यायचो. शहापूरच्या धरणांतल्या पाण्यावर अख्खी मुंबई आंघोळ करते आणि इथली माणसं हंडे घेऊन डोंगर चढतात, असं कोणी म्हणालं की मान हलवायचो. ते खरंच होतं, आणि त्यातला एक झरा माझा होता.

सात-आठ वर्षं गेली. मी वनपाल झालो आणि फिरून त्याच भागात आलो. एक दिवस टेबलावर अर्ज आला: बंगल्याच्या आवारातलं मोहाचं झाड तोडायची परवानगी द्यावी. कारण, फुलं पोहण्याच्या तलावात पडतात, वास येतो, पाहुण्यांना त्रास होतो.

मी पाहणीला गेलो. लोखंडी फाटक, आत हिरवळ, निळ्या फरशीचा तलाव. आणि तलावाच्या कडेला खाकी हाफ पँटीतला मामा, लांब दांड्याच्या जाळीने पाण्यावरची मोहाची फुलं काढत होता. काढलेली फुलं कचऱ्याच्या ढिगावर. तो तिथे माळी होता. केस पांढरे, पण पंजा तेवढाच.

मला बघताच त्याने जाळी टाकली. मी वही उघडायच्या आत झाडापाशी गेला, पंजा हाणला आणि ओरडला, "मोह! मोह हाय, सायेब! मोह!" आतली माणसं खिडकीत आली.

मी लिहिलं. मोठ्या अक्षरात मोह लिहिलं. खाली शेरा मारला: झाड निरोगी, परवानगी देऊ नये. मग म्हणालो, "मामा, हे झाड तुटत नाही. तुम्ही काळजी करू नका."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुमी? काय हो, मी साग जालो का?"

दोघेही हसलो. मग तो झाडाला टेकून बसला, अगदी हलका होऊन, आणि म्हणाला, "बगा, आता नाव नीट घेतला ना, म्हनून वाचली. तवाच घेतला असता तर..."

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द तोंडात आलेले होते. पण इतका खूश होता तो, आणि मी जन्माचा भित्रा. मी घड्याळ बघितलं आणि उद्या मीटिंग आहे म्हणालो.

पुढल्या वर्षी थंडीत तो गेला. मला महिनाभराने कळलं. चैत्र लागल्यावर मी पाड्यात गेलो. निम्म्या घरांना कड्या होत्या. मामी बंगल्यावर कामाला आहे असं एका म्हाताऱ्याने सांगितलं. गेलो तर ती मोहाखाली खराट्याने फुलं लोटत होती. मला ओळखलं तिने. म्हणाली, "बसा, गारडसायेब. मोह लई पडतो यंदा."

"मामी, तुम्ही आय म्हणायचात ना हिला?"

तिचा हात जरा थांबला. "त्यांनी बंद क्येला. सगल्या पाड्याला बजावला, आय म्हनू नका, नाव घ्या. नायतर सायबाला आयकू येत नाय. पोरांना तर ठावंच नाय आता, हिला आय म्हनत हुते म्हनून." ती पुन्हा लोटायला लागली. "जाताना बी तेच. माजी चूक जाली, माजी चूक जाली. लई लागला हुता त्यांच्या जिवाला."

फुलं पडत होती. एक माझ्या वहीवर पडलं. आजूबाजूला कोणी नव्हतं.

"मला ऐकू आलं होतं," मी म्हणालो.

खराट्याच्या आवाजात तिला समजलं नाही. तिने कानामागे हात धरला. "काय बोललात?"

पान हलत नव्हतं.

"काही नाही, मामी," मी म्हणालो. "वारा आहे."

तिने मान डोलावली आणि फुलांचा ढीग कचऱ्याकडे लोटत नेला.